पापणीचे टाके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, एका ताटात जेवलेल्या मित्राला नाही. देवाला सांगावं म्हणून एकदा औंधला यमाईच्या डोंगरावर चढलो होतो — पण वर गेल्यावर हात जोडले आणि मुलीचा ताप उतरू दे म्हणून भलतंच मागून खाली आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. कारण एवढंच आहे, मोठं काही नाही. समोर माणूस असला की माझ्या तोंडून काय बाहेर पडतं, ते मला आता चांगलं ठाऊक झालंय.

आधी मी कोण ते सांगतो. पलूसजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., मग बी.एड. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकत नाही. वडील फौजेत शिपाई होते, मी कॉलेजात असतानाच गेले. आई सही करायला शिकली ती माझ्याकडून. घरात कागद कसलाही येऊ दे — लाइटबिल, सातबारा, औषधाची चिठ्ठी — तो आधी माझ्या हातात यायचा. "थांबा, आमचा सर काय म्हंतूय बगू," असं आई शेजारणींना सांगायची. मी म्हणेन ते घरात शेवटचं. कुणी त्यावर दुसरा प्रश्न विचारायचा नाही.

आणि हे बरं नव्हतं, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला ते फार आवडायचं.

दहावीला मानवी डोळ्याचा धडा असतो. दरवर्षी फळ्यावर मी डोळ्याची आकृती काढतो. पुढचा पारदर्शक पडदा, त्याला पारपटल म्हणायचं. मुलं उतरून घेतात. मला ते पाठ आहे, तरी तिथं आलं की खडू थांबतो. एका मुलीनं विचारलंही, "सर, बरं नाही का?" काय सांगणार तिला?

पण मी फिरतोय. मुद्द्याजवळ जायला भीती वाटते म्हणून फिरतोय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तर — आईला शुगर होती. वडील गेले त्या वर्षापासूनची. गोळ्या चालू होत्या, आठवण झाली की घ्यायची. माझं लग्न ठरायला आलं तेव्हा मुलगी साताऱ्याची, एम.एस्सी. झालेली, घर पेठेतलं, शिकल्या-सवरलेल्या माणसांचं. मला ते स्थळ हवं होतं. किती हवं होतं ते मी तोंडानं बोललो नाही, पण हवं होतं. बैठकीत मुलीच्या मामांनी सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "घरात कुणाला बीपी, शुगर, असलं काही?" मी म्हणालो, "नाही हो, काही नाही." इतक्या सहज गेलं ते. घसा खाकरावा लागला नाही की काही नाही.

आई तेव्हा आत बायकांत बसली होती. परत येताना गाडीत तिला बजावलं — साताऱ्यात शुगरचं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. ती खुदकन हसली. "आता शुगर बी झाकून ठिवायची का रं? पदराखाली मावंल व्हय ती?" पण एकदा सांगितल्यावर तिनं ते पाळलं. साखरपुड्याला एकेक जण येऊन तिचं तोंड गोड करायला लागला. पेढा, पुन्हा पेढा, वर शिरा. नको म्हणायची सोय नव्हती. ती घेत गेली, हसत गेली, आणि मधूनच माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. डावा डोळा. मला वाटतं डावाच.

लग्नाची तारीख निघाली. आणि शेजारच्या रानात ऊसतोड सुरू झाली, म्हणून आई म्हशीला वाढं आणायला गेली. उसाच्या शेंड्याचा तो हिरवा पाला, आमच्याकडं जनावरांना घालतात. भारा डोक्यावर घेताना एक पान सपकन डोळ्यावरनं गेलं. उसाच्या पानाची कड कशी असते ते हात कापून घेतलेल्यालाच ठाऊक. घरी आली तेव्हा डोळा लालबुंद, पाणी वाहतंय. मी विचारलं, दुखतंय का? "न्हाई रं. लाल झालाय नुस्ता. दुखायचं काय बी न्हाई."

विज्ञानाचा पदवीधर मी. मी काय अनुमान काढलं असेल? दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही.

पलूसला थेंब घेतले, आठवडा गेला, लाली तशीच. शेवटी सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी आईच्या डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा उजेड टाकला आणि मला म्हणाल्या, बघा. बुबुळावर हिरवा डाग चमकत होता. तेवढी जखम. मग त्यांनी कापसाची बारीक वात वळली आणि तिचं टोक त्या बुबुळाला लावलं. तुमच्या-माझ्या डोळ्याला लावलं असतं तर खुर्चीतून उडालो असतो आपण. आई शांत बसून होती. पापणीसुद्धा हलली नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ती भीती आजतागायत गेलेली नाही.

मॅडम म्हणाल्या, "शुगरनं इथली नस बधिर झालीय. जखम झालीय हे डोळ्याला कळतच नाही. कळत नाही म्हणून पाणी नीट सुटत नाही, पापणी नीट मिटत नाही आणि जखम भरत नाही." आई म्हणाली, "पायाचं ठावं हुतं मला, मॅडम. डोळ्याला बी व्हतंय व्हय असलं?" मॅडम हसल्या. मी नाही हसलो.

थेंब झाले, मलम झालं, बुबुळावर पातळ लेन्स बसवून झाली. हिरवा डाग कधी कमी, कधी जास्त, पण जात नव्हता. मग त्यांनी पापण्यांना टाके घातले. वरची आणि खालची पापणी बाहेरच्या बाजूनं शिवून टाकली, आतल्या कोपऱ्याला फट ठेवली. मिटलेल्या पापणीखाली डोळा ओला राहतो, वारा-धूळ लागत नाही, जखमेला सवड मिळते. आणि खरंच, फरक पडायला लागला. आईनं त्या टाक्यांना बोट लावलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. खाजायचे ते, ती सांगायची. पण हात गेला की स्वतःच म्हणायची, "न्हाई न्हाई, मॅडमनी सांगितलंय." पदराचं टोक मुठीत धरून बसायची.

इकडं लग्न जवळ आलं.

आता सांगा — काय झालं असतं? वरमाई एक डोळा शिवलेला घेऊन साताऱ्याच्या कार्यालयात उभी राहिली असती, तर काय झालं असतं? लोकांनी विचारलं असतं. उसाचं पान लागलं म्हटलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, एवढे दिवस भरलं कसं नाही? शुगर आहे का? आणि मामा तिथंच उभे असते. ह्या एकाच विचारानं मला धड जेवण जाईना. ठरलेलं लग्न मोडेल, निदान मी खोटारडा ठरेन, असं वाटायचं. आणि दुसरी गोष्ट, जी ह्याहून हलकी आहे — फोटो. आयुष्यभराचे फोटो, त्यात माझी आई अशी. लाज वाटली मला. आईची लाज वाटली, हे लिहिताना बोटं जड होतात, पण शब्द तोच आहे.

मी मॅडमना विचारलं. लग्नापुरते टाके काढता येतील का? त्यांनी चष्मा काढला. "सर, लग्न तुमचं आहे की त्यांच्या डोळ्याचं? वरून नुसती साय धरलीय, दुधावर धरते तशी. ती पक्की होऊ दे. वरमाईचा एक डोळा मिटलेला दिसला म्हणून लग्न थांबत नाही. मी सांगेपर्यंत टाक्यांना हात लावायचा नाही." मी म्हणालो, "होय मॅडम." आई बाहेर बाकावर बसली होती. तिनं हे ऐकलं नाही.

घरी येऊन दोन दिवस गेले आणि मी आईला म्हणालो, मॅडमचा फोन आला होता. जखम भरलीय, टाके काढायला हरकत नाही म्हणाल्या. साताऱ्यात एक चांगले डॉक्टर आहेत, तिथं काढले तरी चालतील.

असा फोन आला नव्हता. तुम्ही ओळखलंच असेल. आईनं ओळखलं नाही. "तू म्हंतूस तर झालं," म्हणाली आणि पातळ बदलून आली.

सांगलीत कुणी टाके काढले नसते, आधी मॅडमना विचारलं असतं. म्हणून सातारा. एस.टी.तून गेलो. साताऱ्याचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी रंग टाकून पाहिलं, हिरवं कुठं दिसलं नाही. "भरलीय वाटतं. आधीचे कागद?" मी म्हणालो, घरी राहिले. "हं. ह्यांना शुगर?"

मी म्हणालो, "नाही."

आणि माझ्या मागोमाग आई — "छ्या! मला कसली शुगर, डॉक्टर? मी च्यात दोन दोन चमचं घालती."

साताऱ्यात शुगरचं नाव काढायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं ना? तिनं साताऱ्याच्या हद्दीत ते पाळलं. सोयऱ्यांच्या ओसरीत आणि डोळ्याच्या डॉक्टरच्या खुर्चीत फरक असतो, हे तिला कोण सांगणार? घरातला शिकलेला माणूस तर शेजारी बसून 'नाही' म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, मग काही हरकत नाही. बारीक कात्रीनं त्यांनी टाके कापले. बाहेर पडल्यावर आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बराबर बोलले न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

बरेच दिवस मी स्वतःला समजावलं की दवाखाना सासऱ्यांच्या पेठेतला होता, बातमी फुटली असती, म्हणून मी खोटं बोललो. पण डॉक्टर काय पेशंटचं आजारपण गावभर सांगत फिरतो? नाही. शुगर आहे म्हटलं असतं तर त्यांनी टाके काढले नसते. मला हे माहीत होतं. त्या क्षणी, त्या खुर्चीशेजारी, पुरतं माहीत होतं. मी अडाणी नव्हतो. अडाणी माणसाच्या हातून हे झालंच नसतं, त्यानं मॅडमचं ऐकलं असतं.

लग्न झालं. थाटात झालं. अक्षता पडल्या, होमाचा धूर झाला, व्हिडिओवाल्याचा तो पांढरा दिवा तासन् तास तोंडावर. सूनमुख बघायची वेळ आली — सासू सुनेचं तोंड आरशात बघते, तिला साखर भरवते — तेव्हा आई दोन्ही डोळे उघडून आरशात बघत होती आणि डाव्या डोळ्यातून धार लागली होती. बायका म्हणाल्या, वरमाईला भरून आलं. मीही तेच म्हणालो मनाशी. भरून आलंय. दुसरं काय असणार?

पूजा झाली, पाहुणे पांगले. बायकोच्या लक्षात आलं पहिल्यांदा. नवी नवरी, घरात अजून वस्तू कुठं आहेत ते ठाऊक नाही, पण तिनं हे बघितलं. "अहो, आईंच्या डोळ्यात पांढरं काय दिसतंय?" तांदळाच्या कणीएवढं होतं. मी बघून बसलो होतो आदल्या दिवशीच. म्हणालो, "ते जुनं आहे. लहानपणी लागलेलं."

आता हे ऐका, कारण टाक्यांपेक्षा हे कमी नाही. बायको माहेरी जाणार होती, रीतीप्रमाणे. ती जाईपर्यंत मी आईला सांगलीला नेलं नाही. तिच्यासमोर नेलं असतं तर शुगर, टाके, सातारा, सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी थांबलो. ती कणी वाढत होती आणि मी थांबलो. आई काही बोलत नव्हती, कारण तिला दुखत नव्हतं. दुखलं असतं तर ती ओरडली असती, आणि मग मला न्यावंच लागलं असतं. ती ओरडत नाही, हे मला सोयीचं होतं. डोळ्यासमोर डोळा जात असताना मला हायसं वाटत होतं की आई ओरडत नाही. असा माणूस तुम्ही पाहिलाय कधी?

बायको माहेरी गेली त्याच दिवशी दुपारी सांगली गाठली. मॅडमनी पापणी वर केली, निळा उजेड टाकला. मग विचारलं, "टाके कुणी काढले?"

आई खुर्चीत. मी शेजारी उभा. तो प्रश्न आला आणि आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मॅडमचा फोन आला नव्हता हे तिला त्या एका प्रश्नात कळलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. तिला मात्र ते वाचता आलं.

"मीच, मॅडम," आई म्हणाली. "लय खाजत हुतं. वडून काढलं."

मॅडम चिडल्या. चिडणारच. "मावशी, एवढं बजावलं होतं तुम्हाला! लहान पोर आहात का?" आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "आणि सर, तुम्ही शिकलेले. तुमचं लक्ष नव्हतं?"

ती वेळ होती. दार उघडं होतं. एक वाक्य लागलं असतं.

मी म्हणालो, "लग्नाची गडबड होती, मॅडम. आई ऐकत नाही कुणाचं."

हे आहे ते. ह्याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होतो. टाके काढवले तेव्हा मी मूर्ख होतो म्हणा, भित्रा होतो म्हणा. पण ह्या वाक्याला मी काय म्हणू? आई शिव्या खात होती माझ्यासाठी, आणि मी वरून एक चिमूट माझीही टाकली.

जखमेत पू झाला होता. दवाखान्यात ठेवलं, तासातासाला थेंब, सुया. डोळा फुटायचा वाचला, पण नजर गेली. बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते आहे अजून. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मला वाटलं, आता ती बोलेल. बाहेर आल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल, एस.टी. चुकंल." त्या विषयावर आमच्यात तेवढंच बोलणं झालं. पुढं कित्येक वर्षं तेवढंच.

आणि त्या वर्षांत खोट्याला पाय फुटले. बायकोला मी सांगितलं की शुगर आत्ताच सापडली आणि आईनं टाके ओढून काढले. शुगर म्हटल्यावर ती काय म्हणाली असेल? "एवढंच ना? आमच्या बाबांना किती वर्षांपासून आहे. मामा सगळ्यांनाच विचारतो तसं, त्याला सवयच आहे." एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

गावात ती गोष्ट चेष्टेची झाली. दारावरनं जाणारा कुणीही म्हणतो, "काय काकू, दुसरा तरी ऱ्हाऊ द्या, त्यो बी वडून काढू नगासा." आई हसते. "आरं जा गड्या, तुजाच काढते ये," म्हणते. बायको जीव लावणारी आहे, आईचा हात नुसता कपाळाकडं गेला तरी म्हणते, "आई, हात." माझी मुलगी आता शाळेत जाते. तीही शिकलीय. खेळता खेळता ओरडते, "आजी, हात खाली!" आणि आई शाळेतल्या पोरीसारखी हात मांडीवर ठेवते. दरवेळी. मी घरात असलो तरी माझ्याकडं न बघता.

इतकं होऊनही मी कदाचित गप्पच मेलो असतो. पण आता उजव्या डोळ्याला झालंय.

ह्या वेळी ऊस नाही, पान नाही. नुसता वारा लागला असेल, नाहीतर कोरडेपणानं झालं असेल. सकाळी धूसर दिसतंय म्हणाली, आणि सांगलीला निळ्या उजेडात पुन्हा तो हिरवा डाग. डागाकडं बघताना मी भिंतीला टेकलो. तिच्याकडं हा एकच डोळा आहे. त्याच मॅडम आहेत, केस पांढरे झालेत. त्यांनी शुगर आटोक्यात आणायला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं, लेन्स घातली. आईच्याच दंडातलं रक्त काढून, त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करून त्याचे थेंब केले. ते बर्फात ठेवून आणायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे. सगळं केलं. डाग आहे तिथं आहे.

तीन खेपांमागं मॅडम बायकोला म्हणाल्या — मी ऐकत होतो — "ह्याला खरं म्हणजे टाकेच घालायला हवेत. एकच डोळा आहे, काही आठवडे फारसं दिसणार नाही, तरी घातले असते. पण ह्यांचा मागचा अनुभव आहे ना? पुन्हा ओढले तर पापणी फाटेल, आणि ह्या डोळ्याचं मी काही करू शकणार नाही. धोका नको."

आई खुर्चीत होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

घरी आल्यावर बायकोनं जुन्या मऊ पातळाच्या दोन पिशव्या शिवल्या. झोपताना आईच्या हातांवर चढवते आणि मनगटाशी नाडी बांधते, झोपेत हात डोळ्याला जाऊ नये म्हणून. फार मायेनं बांधते, घट्ट होत नाही ना विचारते. आई दोन्ही हात पुढं करते. त्या हातांनी काही केलं नव्हतं. हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, आणि दोघंही बघत असतात.

परवा दुपारी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आई, मॅडमना खरं सांगू का?" कसलं खरं, हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "कशाला रं? सुनंसमोर, पोरीसमोर मान खाली जाईल तुजी. तू सर हायस. आन् माझं काय ऱ्हायलंय आता बगायचं?"

तिनं असं म्हटलं म्हणून मी गप्प राहिलो, असं इथं लिहायचा मला मोह झाला होता. लिहिणार नाही. ती बोलायच्या कितीतरी आधीपासून मी गप्पच होतो. तिच्या त्या बोलण्यानं मला बरं वाटलं, हेही खरं. आई परवानगी देतेय. मग स्वतःची किळस आली. पण आधी बरं वाटलं.

उद्या पुन्हा सांगलीला जायचंय. बायको बरोबर असेल. मॅडम रंग टाकतील, उजेड टाकतील. आत शिरल्याबरोबर सांगायचं असं मी ठरवलंय — टाके मी काढवले, साताऱ्यात, शुगर लपवून. आईनं त्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं. ह्या डोळ्याला बिनधास्त टाके घाला. एवढंच सांगायचं आहे. सकाळपासून शंभरदा म्हणून बघितलं. पण गेल्या खेपेलाही मी असंच ठरवून गेलो होतो, आणि त्याच्या आधीच्या खेपेलाही.

आईचा डोळा जाईल ह्याची मला भीती वाटते. फार वाटते. पण खोलीत त्या तिघी — मॅडम, बायको, आई — माझ्याकडं वळून बघताहेत, हे चित्र समोर आलं की जो दरदरून घाम फुटतो, तो आईच्या डोळ्याच्या भीतीनं फुटत नाही. दोन्ही भीती मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. माझी मोठी आहे. अजून.